गोयागेट ते प्रतापनगर : बडोद्याच्या एका उपनगरी स्थानकाचा इतिहास

बडोद्याच्या मराठी इतिहासाचा विषय निघाला की राजवाडे, ग्रंथालये आणि संगीतशाळा यांची आठवण प्रथम होते. संस्थानच्या आगगाडीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. शहराच्या दक्षिण अंगाला असलेले प्रतापनगर स्थानक या दुर्लक्षित इतिहासाचा एक ठळक दुवा आहे. जुनी माणसे त्याला गोयागेट म्हणूनच ओळखत.

या इतिहासाचा उगम गोयागेटात नव्हे, डभोईत आहे. १८६१ मध्ये बी. बी. अँड सी. आय. कंपनीची रुंदमापी गाडी बडोद्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम असा सुमारे २० मैलांचा अरुंदमापी मार्ग तयार झाला. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या काळी हिंदुस्थानच्या कापसाला मोठी मागणी आली होती आणि डभोईचा मुलूख तर कापसाचाच. देशी संस्थानाने स्वतःचा लोहमार्ग टाकण्याचे हे पहिले उदाहरण होय. या मार्गावर डबे ओढीत ते बैल! १८६३ मध्ये विलायतेहून इंजिने आणवली गेली, परंतु यार्डामागे १३ पौंड वजनाच्या त्या हलक्या रुळांना त्यांचा भार पेलण्याजोगा नव्हता. अखेर मल्हाररावांच्या काळात, १८७३ मध्ये, भक्कम रूळ घातल्यावर इंजिनाची नियमित वाहतूक सुरू झाली.

बैलांच्या या गाडीला आज कोणी हसेल. आम्हाला तीत संस्थानी व्यवहारचातुर्य दिसते. रूळ हलके, भराव लहान, पूल बेताचे. म्हणजे खर्चही आवाक्यातला. चिखलातून चालणाऱ्या गाड्यापेक्षा रुळावरचा डबा त्याच बैलजोडीला कितीतरी हलका जातो. इंजिन परवडेपर्यंत थांबून राहण्याऐवजी दरबाराने आधी मार्ग करून घेतला.

गोयागेटचा उदय त्यानंतरचा. सयाजीराव महाराज अल्पवयीन असताना कारभार सर टी. माधवराव यांच्या हाती होता. हे दिवाण स्वतः तंजावर प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, हे आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्याच काळात १८७९ मध्ये डभोईहून चांदोद आणि बहादरपूरकडे फाटे निघाले, १८८० मध्ये गाडी गोयागेटास आली आणि १८८१ मध्ये ती विश्वामित्रीला, म्हणजे मुख्य मार्गाशी, जोडली गेली. चांदोदच्या नर्मदास्नानाला निघालेला यात्रेकरू आणि कापसाची गासडी, दोघांचीही सोय झाली. अडचण एकच होती. मापे वेगळी असल्याने लहान डब्यातला माल उतरवून मोठ्या डब्यात भरावा लागे. १९१९ मध्ये गोयागेटास संस्थानी रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि हे स्थानक केवळ थांब्याचे ठिकाण न राहता एका कसबी वस्तीचे केंद्र बनले.

१९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि गायकवाडांची रेल्वेही बी. बी. अँड सी. आय. मध्ये सामावली. १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी लालबागेतील प्रतापविलास राजवाड्यात रेल्वे स्टाफ कॉलेज आले.

गाड्या पाहण्याच्या छंदालाही येथे जागा होती. इंग्लंडात १९४२ मध्ये इयन ॲलन यांनी इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिका काढली आणि तेथे या छंदाला जणू शास्त्राचे रूप आले. आपल्याकडे इंजिनावरची अक्षरे वाचता आली की बरेच काही कळते. डब्ल्यू म्हणजे रुंदमाप, वाय म्हणजे मीटरमाप आणि झेड म्हणजे अडीच फुटी. झेडबी हे वाफेचे इंजिन. झेडडीएम-५ मधला डी डिझेलचा आणि एम प्रवासी व माल अशा मिश्र वाहतुकीचा. बाजूच्या पितळी पाटीवर कारखान्याचे नाव आणि वर्ष कोरलेले असे. जगभर दुर्मीळ झालेली वाफेची इंजिने पाहण्यासाठी परदेशी रसिक डभोईपर्यंत येत. पाच दिशांना फुटणाऱ्या अरुंद मार्गांचे ते जंक्शन त्यांना तीर्थस्थान वाटे. त्याच इंजिनांच्या शिट्टीवर घड्याळे लावणाऱ्या आपल्या घरांतून मात्र त्यांची टिपणे फारशी झाली नाहीत.

आता तो काळ सरला. चांदोदचा मार्ग रुंदमापी होऊन पुढे केवडियापर्यंत वाढला आणि १७ जानेवारी २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. प्रतापनगरहून विजेची गाडी तेथवर धावू लागली. माप बदलले ते योग्यच झाले. माल उतरवण्या-चढवण्याचा जुना जाच संपला. परंतु रुळांबरोबर स्मृतीही उखडल्या जाऊ नयेत, एवढीच आमची कळकळ आहे. प्रतापनगरच्या रेल्वे वारसा उद्यानात इंजिने जपली गेली आहेत. इंजिनांवर काम करणाऱ्यांची कागदपत्रे कोणी जपायची? संस्थानी रेल्वेत कारकून, फिटर, स्टेशनमास्तर म्हणून राबलेल्यांचे नेमणूकपत्र, पास, पगाराची चिठ्ठी, गणवेशाचे बटण अशा वस्तू अनेक घरांतील ट्रंकांत पडून असतील. त्या रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत. कोणाचे, कोणत्या सालचे, कोणत्या स्थानकाचे, हे मागे लिहून ठेवावे. आणि घरात त्या दिवसांविषयी बोलू शकणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांचे बोलणे याच वर्षी टिपून घ्यावे.