कारागीर की कलावंत?

मुलाचे नाव शाळेत घालताना 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी आपल्या ज्ञातीतील पुष्कळांची जीभ अडखळते. शिक्षकाच्या नात्याने आम्ही हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. बाप नामांकित सुतार, परंतु "गुरुजी, तेथे नुसते नोकरी लिहा," असे हलक्या आवाजात सांगावयाचा. त्याच गृहस्थाचे चिरंजीव पुढे चित्रकलेची परीक्षा उत्तीर्ण झाले की, घरात कलावंत जन्मला म्हणून पेढे वाटले जात! कारागीर खालचा आणि कलावंत वरचा, ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार कोल्हापूरच्या एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून करावा, असा आमचा हेतू आहे.

वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत गीत, वाद्य, नृत्य व आलेख्य यांच्याच पंक्तीस तक्षण, म्हणजे सुतारकाम, आणि वास्तुविद्या बसलेली आहेत. हाताने राबणाऱ्यास जुन्या समाजाने मानाचे पान दिले होते असे मात्र नाही. पण कलेच्या व्याख्येतून तरी त्यास बाहेर काढले नव्हते. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईस १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले, आणि १८९१ साली तेथे लाकूडकाम, धातुकाम इत्यादींसाठी लॉर्ड रे यांच्या नावाची निराळी कर्मशाळा झाली. शिकविण्याची सोय म्हणून ते ठीकच होते. त्या दोन दालनांमध्ये उच्चनीचतेची भिंत आपण आपल्या मनात बांधून घेतली.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराण्याचे आडनावच व्यवसाय सांगणारे. चित्रशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जे शिकले ते घरी, वडिलांच्या हाताखाली. नात्याने बंधू लागणाऱ्या आनंदरावांसह ते संगीत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. सपाट कापडावर राजवाड्याची खोली अशी दाखवावयाची की, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासही आत शिरावेसे वाटावे, हे काम सोपे नव्हे. लोक त्यांस 'पेंटर' म्हणू लागले. दुकानाची पाटी रंगविणाऱ्यासही लोक तेच म्हणत. परंतु पुढे तेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला आणि चित्र हलते करण्याच्या ध्यासाने या दोघांस घेरले. कॅमेरा स्वतःच बनवावयाचा, असे ठरले. १९१६ साली, काम अपुरे असतानाच, आनंदराव वारले. बाबूरावांनी दामले या शिष्याच्या मदतीने ते १९१८ साली तडीस नेले.

या यंत्राची अडचण वाचकांनी नीट समजून घ्यावी. फीत कॅमेऱ्यातून सरळ धावत जाते असे आपणांस वाटते. वस्तुतः ती प्रत्येक चित्रासाठी क्षणभर थांबते. ती थांबली की झडप उघडावयाची, प्रकाश आत घ्यावयाचा, झडप मिटावयाची, आणि फितीच्या कडेच्या छिद्रांत आकडा अडकवून ती एका चित्राइतकीच पुढे ओढावयाची. हे सारे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा, तेही हाताने दांडा फिरवून! दातेरी चाकाचा एक दाता केसभर चुकला तरी पडद्यावर चित्र थरथरते. ज्याच्या बोटांस कानस ठाऊक नाही, त्याच्याकडून हे होणे नाही.

गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' १९२० साली प्रदर्शित झाला. त्यातील कीचकवध इतका जिवंत वठला की, पुढे ते दृश्य कापावे लागले. लोकमान्यांनी त्यांस 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी देवादिकांस बाजूस सारून कर्जात बुडालेला, जमीन गमावून गिरणीत मजुरीस गेलेला शेतकरी पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामांचे होते. देखाव्यांची रेखाटने, वेशभूषा, जाहिरातीची भित्तिचित्रे यांवरही बाबूरावांचाच हात फिरे. यांत कारागीर कोठे संपला आणि कलावंत कोठे सुरू झाला? रेघ ओढून दाखवावी, असे आमचे आव्हान आहे.

आमच्या मते त्यांचे वैगुण्य एकच, ते म्हणजे व्यवहार. मनाजोगे होईपर्यंत काम हातावेगळे करावयाचे नाही, हा बाणा कंपनीच्या हिशेबास परवडणारा नव्हता. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात कंपनी काढली. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६) दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. बाबूरावांची कंपनी मात्र थोड्याच काळात बंद पडली, आणि ते पुन्हा कुंचल्याकडे व मूर्तिकामाकडे वळले.

बोलपटांच्या काळातही त्यांनी अधूनमधून चित्रपट केले. १९४७ सालचा 'लोकशाहीर राम जोशी' त्यांनी शांतारामांच्या राजकमल संस्थेसाठी दिग्दर्शित केला. ज्या शिष्यास त्यांनी घडविले, त्याच्याच चित्रशाळेत गुरू कामास उभे राहिले, आणि त्यात उभयतांस काही कमीपणा वाटल्याचे आमच्या वाचनात नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.