झाडं आपण लावली, पण जंगल कोणाचं? नाशिकची देवराई, बोरगड आणि मेंढा लेखा

५ जून २०१५. पर्यावरण दिनाला हजारो नाशिककर सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर चढले आणि एका दिवसात सुमारे ११ हजार रोपं लावून खाली उतरले. पुढाकार 'आपलं पर्यावरण' या संस्थेचा, जागा वन विभागाची आणि नाव 'देवराई'.

नाव विचार करून ठेवलेलं. जुन्या देवराया टिकल्या त्या देवाच्या धाकाने. तिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा गावाचा दंडक. शहरात तो धाक कुठून आणणार? त्यामुळे इथे देवाचं काम स्वयंसेवकांना करावं लागतं.

आणि ते काम फोटोत दिसत नाही. वृक्षारोपणाचे फोटो सगळे जूनमधले असतात, पण झाड जगणार की नाही हे ठरतं फेब्रुवारी ते मे या काळात. डोंगरावर माती पातळ, पाणी खालून वर न्यायचं. आळी करायची, आळ्यात पालापाचोळा अंथरायचा, म्हणजे ओल टिकते. पावसाळ्यात रोपाच्या डोक्यावरून वाढलेलं गवत उन्हाळ्यात वाळून सरपण होतं आणि एका ठिणगीत सगळी मेहनत जाते. या डोंगराने वणवे पाहिलेत. म्हणून पट्टा आखून त्यातलं गवत आधीच काढून टाकतात, म्हणजे आग तो पट्टा ओलांडत नाही. याला जाळरेषा म्हणतात. एका दिवसात ११ हजार रोपं लावण्यापेक्षा दरवर्षी जाळरेषा काढणं जास्त अवघड आहे, कारण त्याला गर्दी जमत नाही.

मग हे जंगल लोकांचं झालं का?

भावनेने झालं, कागदावर नाही. जमीन वन विभागाची म्हटल्यावर झाडंही सरकारची. स्वयंसेवकांना पाणी घालता येतं, उद्या त्या जागेचं काय करायचं हे ठरवता येत नाही. इंदिरानगरकरांना जवळचं उदाहरण हवं असेल तर पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान घ्या. शहर त्याला आपलं म्हणतं, जागा मात्र वनविकास महामंडळाची.

यापुढची एक पायरी नाशिकच्याच उत्तरेला सापडते. रामशेजजवळचा बोरगड २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाला, राज्यातला पहिला. क्षेत्र साधारण साडेतीन चौरस किलोमीटर. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ही सोय आली. जमीन सरकारचीच राहते, पण व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायत आणि स्वयंसेवी संस्थांना जागा मिळते. समितीने सल्ला द्यायचा, शेवटचा शब्द वन खात्याचा. जमीन खासगी किंवा गावाची असेल आणि लोक स्वतःहून तयार असतील तर 'सामुदायिक राखीव क्षेत्र' हा वेगळा प्रकार आहे.

खरा अधिकार बघायचा तर गडचिरोलीत जावं लागतं. धानोरा तालुक्यातलं मेंढा लेखा हे छोटं गोंड गाव. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वन खातं देईना. हक्क आहे, विक्री नाही, असा प्रकार! अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. आता कुठला बांबू तोडायचा, कुठला राखायचा हे गाव बसून ठरवतं. जमिनीची मालकी इथेही सरकारचीच आहे, पण निर्णय गावाचा. माझ्या मते 'लोकांचं जंगल' या शब्दाचा अर्थ इथेच पूर्ण होतो.

हा कायदा शहरातल्या हौशी वृक्षप्रेमींसाठी नाही. तो पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्यांसाठी आहे. आदिवासी नसलेल्यांना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो.

मग शहरातल्या माणसाच्या हातात काय? १९७५ चा राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा. महापालिका हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोडण्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावरही नोटीस लावावी लागते. २०२५ च्या अखेरीस तपोवनात हेच घडलं. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी सुमारे १,८०० झाडांचा प्रश्न आला, झाडांवर नोटिसा लागल्या, शेकडो नाशिककरांनी हरकती नोंदवल्या आणि विषय राज्यभर पोहोचला.

तेव्हा इंदिरानगरच्या एखाद्या रस्त्यावर झाडाला कागद चिकटवलेला दिसला तर फोटो काढून स्टोरीला टाका, हरकत नाही. पण आधी त्यावरची तारीख वाचा. हरकतीसाठी सात दिवस असतात आणि ती लेखी द्यावी लागते.