काळीत बांधलेली घरे : भेगांची गोष्ट आणि दुरुस्ती

या पत्रकात आपण नेहमी कपाशीवरची कीड, तुरीची पेरणी, जनावरांची ढेप यांविषयी बोलतो. या वेळी घराविषयी बोलू या. घर हा कृषी खात्याचा विषय नाही, असे कुणी म्हणेल. पण घर ज्या मातीवर उभे आहे ती माती आपलाच विषय आहे.

मागे एका उन्हाळ्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी मी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. ज्यांच्या वावरात जायचे त्या भाऊंनी मला आधी घरातच नेले. म्हणाले, "साहेब, वावर मंग पाहू. आधी हे पाहा." पाच वर्षांपूर्वीचे विटा-सिमेंटचे घर. खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तिरपी भेग गेलेली, बोट सहज आत जाईल एवढी. पावसाळ्यात दार लागत नाही, उन्हाळ्यात लागते. कापसाचे तीन हंगाम आणि एक बैलजोडी त्या घरात गेली होती. ओट्यावर बसलेले आबाजी म्हणाले, "गावातलं आमचं धाब्याचं घर माह्या बापानं बांधलं, ते उभं हाय. सिमेंटचं फाटलं. हे कसं काय?"

आबाजींच्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांत आहे आणि ते दोन्ही शब्द आबाजींना माझ्याहून चांगले ठाऊक आहेत : काळी आणि पांढरी.

आपले वाडवडील पिकाच्या जमिनीला 'काळी' म्हणत आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. मोल्सवर्थसाहेबांच्या जुन्या मराठी कोशातही हे दोन्ही शब्द या अर्थांनी सापडतात. पांढरी म्हणजे नुसता मातीचा रंग नव्हे. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली. भिंती पडल्या, त्यांवर नव्या उठल्या. चुलीची राख, शेणाचे सारवण, खापरे, गोठ्यातली माती हे सगळे थरावर थर दबत गेले आणि गावाखाली एक टेकाड तयार झाले. पुराणवस्तू शोधणारे लोक आजही 'पांढरीची टेकडी' पाहूनच कुदळ घालतात. आपल्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरला १९६० नंतरच्या दशकात उत्खनन झाले, तेही अशाच जुन्या वस्तीच्या जागेवर. मूळ जागासुद्धा बहुधा उंचवट्याची निवडलेली असे. बाळापूरचा किल्लाच पाहा ना. मन आणि म्हैस या दोन नद्यांमधल्या उंच जागेवर तो उभा आहे. इस्माईलखानाने १७५७ मध्ये तो पुरा केला. पुराच्या वेळी पाणी भोवती फिरते, किल्ला मात्र वर राहतो.

काळीचा स्वभाव वेगळा. आपल्या भारी काळ्या मातीत शंभर भागांत पन्नास-साठ भाग चिकणमाती असते आणि त्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचे खनिज असते. त्याचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी पानापानांत शिरले की वही फुगते, सुकली की आवळते. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या हातभर खोल भेगा याच. शेताला हे गुणाचे आहे. माती आपोआप ढवळली जाते, ओल धरून ठेवते, म्हणून आपला कापूस आणि हरभरा पिकतो. घराला मात्र हेच वैरी होते. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो. म्हणजे दर वर्षी एकदा पुरते आवळणे आणि एकदा पुरते फुगणे.

आता धाब्याचे घर आठवा. खाली दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि कडीपाट, वर पांढऱ्या मातीचे धाबे. धाब्याचा भार खांबांवर असे, मातीची भिंत नुसती आडोशाला. जमीन थोडी हलली तर लाकडाचे सांधे तेवढे देत. भिंतीला चीर गेली तर घरची बाई पोळ्या-दिवाळीला शेणमातीने ती लिंपून टाकी आणि कुणी तिला दुरुस्ती म्हणतही नसे. हे सांगताना जुन्याचे गोडवे गावेत असा माझा हेतू नाही. झडीच्या पावसात धाबी खचत, भिंती बसत, माणसे दगावत. आत अंधार, वाळवी आणि साप. लोकांनी ती घरे सोडली ते बरोबरच केले. पण ती घरे पांढरीवर उभी होती आणि वाकायला तयार होती. नवे घर काळीवर आहे आणि ते वाकत नाही, एकदम तडकते.

आपण पांढरीवरून काळीत आलो कसे, याचाही इतिहास आहे. १८५३ च्या कराराने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोला, बडनेरा करीत रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. स्टेशन, गुदाम, जिन, बंगले, नोकरांच्या चाळी उठू लागल्या. एवढ्या बांधकामाला गावच्या पांढरीत जागा कुठली? ते काळीत गेले. त्याच सुमारास जमिनीची मोजणी होऊन गावठाणाची हद्द नकाशावर आखली गेली. माणसे वाढली, हद्द तेवढीच राहिली. स्वातंत्र्यानंतर वस्ती हद्दीबाहेर वावरात सरकली. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली, २०१६ मध्ये पंतप्रधान आवास योजना आली. गरिबाला पक्के छप्पर मिळाले, ही मोठीच गोष्ट. पण मुरमाड गावाला आणि भर काळीतल्या गावाला घरकुलाचा हिशेब सारखाच लागतो, पायाखालची माती त्यात कुणी विचारत नाही.

जुन्या इंजिनिअर लोकांचा उपाय सरळ होता. काळी माती खणून काढा, मुरूम लागला की पाया भरा. पातूर, बार्शीटाकळीकडच्या डोंगराळ भागात हे आजही जमते, पाच-सहा फुटांवर मुरूम मिळाला तर याहून चांगले काही नाही. पण पूर्णेच्या खोऱ्यात, आपल्या खारपाणपट्ट्यात, नदीने आणलेला गाळ शेकडो फूट खोल आहे. तिथे मुरूम शोधायला निघालात तर पायाऐवजी विहीर होईल. मग काही मिस्त्री चरात नुसती वाळू भरतात. यात धोका आहे, बरे का. पावसाचे पाणी वाळूत उतरते, खालच्या काळीतून ते जिरत नाही, आणि पायाखाली नाली भरून राहते. माती फुगायला आणखी काय हवे?

या प्रश्नावर आपल्या देशात चांगले संशोधन झाले आहे. रुडकीला १९४७ मध्ये केंद्रीय इमारत संशोधन संस्था सुरू झाली. तिथे डॉ. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगीर बुडाच्या खांबांचा पाया बसवला, इंजिनिअर त्याला 'अंडर-रीम्ड पाइल' म्हणतात. हाताने फिरवायच्या गिरमिटाने सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खोल भोक पाडायचे. तळाशी ते भोक अडीचपट रुंद करायचे, कांद्याच्या गड्ड्यासारखे. त्यात सळया आणि काँक्रीट भरायचे. इतक्या खोल ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही, त्यामुळे गड्डा जागचा हलत नाही, आणि वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली तर गड्डा त्याला धरून ठेवतो. खांबांच्या डोक्यांवर बीम टाकतात. बीमच्या खाली जमिनीपासून आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडलीच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी गवंडी ती फट "उंदीर शिरतील" म्हणून माती ठोकून भरतो आणि सगळा खर्च वाया घालवतो. उंदरांसाठी बाहेरून विटेची आड लावा, बीमखाली माती भरू नका.

दुसरे काम मुंबईच्या आय.आय.टी.त डॉ. कट्टी यांनी केले. काळ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर नीट दाबून दिला, तर खालची काळी उसळत नाही, असे त्यांनी दाखवले. कालव्यांच्या अस्तरीकरणात ही रीत वापरली गेली. हे वाचताना माझ्या मनात आले, की आपली पांढरी म्हणजे शेकडो वर्षांत दबलेला असाच एक थर तर नसेल? हा माझा अंदाज, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे.

आता ज्यांचे घर आधीच फाटले आहे त्यांनी काय करावे, ते सांगतो. पहिली गोष्ट, लगेच सिमेंट भरू नका. दर्यापूरच्या त्या भाऊंनी दोन वेळा भेग भरली होती आणि दोन्ही वेळा शेजारून नवी गेली. आधी भेग वाचायला शिका. वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुधा घराचा कोपरा खाली बसतो आहे. खाली रुंद असेल तर कडा उचलल्या गेल्या किंवा मध्य बसला असे समजा. आणि एक ध्यानात ठेवा, एकमजली हलके घर जास्त हलते. मातीच्या उसळीला दाबायला त्याचे वजनच पुरत नाही. म्हणून जड इमारत शाबूत आणि तिची कंपाउंडची भिंत तुकडे-तुकडे, असे दृश्य आपण पाहतो.

सगळ्यात मोठे कारण पाणी, आणि तेही बहुतेक वेळा आपणच सोडलेले. पूर्वी विहिरीवरून घागरीने आणलेले पाणी जपून वापरले जाई. आता नळ आला, न्हाणी आली, संडास आला. या सगळ्यांचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरते. त्या भाऊंचा शोषखड्डा भेगेच्या कोपऱ्यापासून चार फुटांवर होता! एक कोपरा बारमाही ओला, बाकीचे तीन उन्हाळ्यात कोरडे. मग घर पिळणारच. शोषखड्डा निदान वीस फूट दूर न्या, न्हाणीचे पाणी पाइपाने बाहेर काढा, गळके नळ बदला. छताचे पाणी पन्हाळीने भिंतीपासून लांब पाडा. घराभोवती सहा फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरशी करा, तिच्याखाली दाबलेला मुरूम घाला. ही फरशी म्हणजे पायाची छत्रीच. तिच्यामुळे पावसाळ्यात पायाजवळची माती एकदम भिजत नाही आणि उन्हाळ्यात एकदम सुकत नाही.

झाडांचेही असेच आहे. कडुनिंब, पिंपळ घराला लागून लावू नका, झाडाची उंची जेवढी होणार तेवढे तरी अंतर ठेवा. मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात. पण भिंतीजवळ मोठे झाड आधीच असेल तर रागाच्या भरात ते एका दिवसात तोडू नका. झाड गेले की सुकलेली माती पुन्हा ओल धरते, फुगते आणि घर उलट्या बाजूने उचलले जाते. फांद्या थोड्याथोड्या कमी करा आणि इंजिनिअरला विचारा.

पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर एक वर्ष थांबा. हालचाल थांबली तर भेगेच्या दोन्ही बाजूंच्या काही विटा काढून, आडव्या सळया टाकून भिंत शिवून घ्या. भरायला नुसते कडक सिमेंट नको, चुना मिसळलेला मसाला बरा, तो थोडे सोसतो. खारपाणपट्ट्यातील बंधूंनी बोअरचे खारे पाणी काँक्रीटला वापरू नये, सळया आतून गंजतात आणि तीन-चार वर्षांत भेगांची दुसरीच कथा सुरू होते. वर्षानंतरही भेग वाढतच असेल तर पायाखाली नवा पाया घालावा लागतो. ते काम तुकड्या-तुकड्याने, एक सोडून एक, जाणत्या इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करावे. भिंतीच्या कडेने अख्खा चर एकदम खणू नका, आणि पावसाळ्यात तर मुळीच नको.

नवे घर बांधणाऱ्यांनी जागेची माती आधी पाहावी. साधी परीक्षा आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळा. दोन सारख्या मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम घाला. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल शंभर मिलिलिटरपर्यंत भरा, ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा दीडपट किंवा जास्त भरली तर ती जागा साध्या पायाची नव्हे. रॉकेल मिळत नसेल तर मातीचा नमुना इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या.

त्या भाऊंनी शोषखड्डा हलवला आणि फरशी घातली. भेग अजून भरलेली नाही. मी त्यांना भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवायला लावली आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहायला सांगितली, अक्षय तृतीयेची. काच पोळ्यापर्यंत फुटली नाही. आता पुढच्या अक्षय तृतीयेला पुन्हा पाहायचे आहे.