पंचविसाव्या पलटणीचे सायकलस्वार

सायकल म्हणजे गरिबाचे वाहन, असे आपण सहज बोलून जातो. याच वाहनावर अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीय शिपायांनी १८९७ साली जो पल्ला गाठला, त्याची हकीकत मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आली असेल. ती आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पुढे कृष्णवर्णीयांना लष्करात कायम जागा मिळाली, पण त्यांच्या पलटणी वेगळ्या. शिपाई काळे आणि वरचे अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. पंचविसावी पायदळ पलटण अशीच होती. तिच्या काही कंपन्या माँटाना राज्यात फोर्ट मिझूला येथे असत. घोड्याला दाणा-वैरण लागते, सायकलीला काही लागत नाही. मग फौज सायकलीवर का नेऊ नये? हे पाहण्यासाठी लेफ्टनंट जेम्स मॉस या गोऱ्या अधिकाऱ्याने १८९६ साली आठ शिपायांची सायकल तुकडी उभी केली.

दुसऱ्या वर्षी खरी परीक्षा ठरली. १४ जून १८९७ रोजी पहाटे वीस शिपाई, मॉस, एक डॉक्टर व एक तरुण बातमीदार मिझूलाहून निघाले. जायचे होते सेंट लुईसला, सुमारे १,९०० मैल. आपल्या हिशेबाने मुंबई-नागपूर अंतराच्या साडेतीन पट! वाटेत बर्फाचे डोंगर, आणि पाऊस पडला की चाक जाम करणारा चिकट चिखल. सामानासकट एकेक सायकल सुमारे २७ किलोची, शिवाय जवळ बंदूक आणि काडतुसे.

यातला एक दिवस कसा जात असेल, ते पाहू. जुलैच्या सुरुवातीला तुकडी नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांत पोचली. रस्ता म्हणजे नुसती वाळू, पायडल मारले तर चाक रुतायचे. म्हणून शिपायांनी रेल्वेचा मार्ग धरला. रुळांमधल्या स्लीपरांवरून धडधडत जायचे, नाही जमले की उतरून सायकल ढकलायची. उष्मा सावलीत ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ सेल्सिअस. वाटेतले पाणी खारट आणि क्षारयुक्त. ते पिऊन माणसे आजारी पडत, स्वतः मॉसही पडले. शिधा सुमारे शंभर-शंभर मैलांवर ठेवलेला. तेथवर पोचलात तर जेवण, नाहीतर पोटाला चिमटा. असे एकामागून एक दिवस काढून १७० मैलांची ती वाळू त्यांनी साडेचार दिवसांत पार केली.

पुढे मिसुरी राज्यात रस्ते बरे होते, पण माणसे तशी नव्हती. काळे शिपाई म्हणून काही शेतकऱ्यांनी मुक्कामाला जागाही दिली नाही. तरी ४१ व्या दिवशी, २४ जुलैला, तुकडी सेंट लुईसला पोचली. हजारो लोक पाहायला लोटले. परतताना शिपायांना आगगाडीने पाठवण्यात आले आणि सायकल पलटणीचा विचार तिथेच थांबला.

या शिपायांत सार्जंट मिंगो सँडर्स होते, वयाने चाळिशीला टेकलेले. पुढच्याच वर्षी ते क्युबाच्या लढाईत गेले. १९०६ साली टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, एक गोरा माणूस मेला. गावकऱ्यांनी बोट दाखवले ते पंचविसाव्या पलटणीकडे. शिपाई बराकीत होते, असे त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी सांगूनही अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ शिपायांना खटला न चालवताच बडतर्फ केले. सँडर्स त्यांत होते. पाव शतकाची नोकरी, निवृत्तिवेतन तोंडाशी आलेले, आणि सगळे गेले. वाळूत सायकल ढकलणाऱ्या त्या पायांची किंमत कोणी विचारली नाही. १९२९ साली सँडर्स वारले.

मग न्याय झाला की नाही? झाला, पण फार उशिरा. १९७० साली जॉन वीव्हर या लेखकाने जुने कागद, जबान्या तपासून या प्रकरणावर पुस्तक लिहिले. प्रश्न पुन्हा अमेरिकन संसदेपुढे आला आणि १९७२ साली लष्कराने त्या बडतर्फीचा डाग पुसला. तोवर बहुतेक सगळे शिपाई जग सोडून गेले होते.

आम्हांला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. नुसत्या पराक्रमाने या शिपायांची अब्रू राखली गेली नाही. ती परत मिळाली लिहून ठेवलेल्या कागदामुळे. आपल्याकडेही त्याच १८९० च्या दशकात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत चाकरी केलेल्या महारांची लष्करभरती इंग्रज सरकारने बंद केली होती. तेव्हा आजोबा-पणजोबांचा पलटणीचा बिल्ला, नोकरीचे दाखले, जुनी पत्रे घरातल्या ट्रंकेत असतील, तर ती वाळवीला देऊ नका. बाहेर काढा, पुसा, पोरांना वाचून दाखवा. म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांच्या आठवणी वहीत उतरवून घ्या. पुढे कधी कोणी विचारील, तेव्हा उत्तर त्या वहीतच सापडेल.