शेवटच्या भागाचें रहस्य

गुन्ह्याच्या शोधाची कथा भागाभागांनीं सांगण्याची चाल दूरचित्रवाणीनें घरोघर नेली, आणि तिच्या शेवटच्या भागाची वाट पाहणें हा आतां एक लहानसा सणच होऊन बसला आहे. २०१९ सालीं ‘सेक्रेड गेम्स’ या मालिकेचें दुसरें पर्व संपलें तेव्हां मुंबई वांचली कीं नाहीं हें न सांगतांच पडदा काळा झाला, आणि कित्येक प्रेक्षकांस आपली फसवणूक झालीसें वाटलें. शेवटीं उत्तर मिळालेंच पाहिजे अशी जी मनुष्याची भूक, तिचा इतिहास शोधूं गेल्यास वाट धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गावरून जाते, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूखही इंग्रज कंपनीच्या हवालीं केला, व त्याचा कारभार पाहण्यास फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास आला. १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरींत तुळजापूर आहे, तें या वास्तव्याचें फळ होय. परंतु येथें येण्यापूर्वींच, १८३९ सालीं, ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीनें त्याचें नांव विलायतेंत गाजलें होतें.

या कादंबरीची रचना आजच्या मालिकाकारांनींही अभ्यासावी अशी आहे. खुनी कोण, हें रहस्य तींत मुळींच नाहीं. अमीर अली हा ठग आरंभापासून आपले खून स्वमुखानेंच सांगत असतो. रहस्य निराळेंच आहे. ज्या इस्माइलास तो बाप मानीत आला, त्यानेंच त्याच्या खऱ्या आईबापांचा जीव घेतला होता. आणि आपण एकदां जिला ठार मारलें ती आपली सख्खी बहीण होती, हें त्यास फार उशिरां कळतें. गुन्हेगार सांपडला म्हणून नव्हे, तर गुन्हेगारास स्वतःचा गुन्हा उमगला म्हणून हा शेवट मनास चटका लावतो.

टेलराच्या स्वतःच्या तपासास मात्र असा शेवट लाभला नाहीं. निजामाच्या मुलुखांत पोलिसाचें काम करीत असतां वाटसरूंच्या खुनांचा सुगावा त्यास लागला होता. पण धागा हातीं येतो न येतो तोंच त्यास पलटणींत परत बोलावण्यांत आलें, आणि ठगांच्या शोधाचें श्रेय स्लीमनास मिळालें. मृत्यूनंतर १८७७ सालीं निघालेल्या आत्मचरित्रांत ही हळहळ त्यानें लपविलेली नाहीं.

इतिहासाच्या दरबारीं शेवट याहूनही घाईनें उरकण्यांत आला. ठगांविरुद्धचा पुष्कळसा पुरावा माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांचा होता. १८३६ च्या कायद्यानें तर अमुक खून अमक्यानें केला हें सिद्ध करण्याचीही गरज उरली नाहीं. मनुष्य ठगांच्या टोळींत होता एवढें ठरलें कीं जन्मठेप. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें हीच दृष्टि जमातींच्या जमातींस लागू केली, व मूल जन्मतःच संशयित ठरूं लागलें. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. तथापि कागदावरील शिक्का पुसला तरी लोकांच्या मनांतील पुसत नाहीं, हें लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’नें १९८७ सालीं मराठी वाचकांस दाखविलें. त्यांचें धनेगांव आज लातूर जिल्ह्यांत असलें, तरी १९८२ पर्यंत लातूरचा तो भाग याच जिल्ह्यांत मोडत होता.

म्हणून काळ्या पडद्यावर रागावणाऱ्या प्रेक्षकांस आमची एक विनंति आहे. कथेनें आपणांस उत्तर दिलें नाहीं, तर एका रात्रीची झोंप जाते. पण उत्तर हवेंच या हट्टानें सरकारानें व समाजानें पुराव्यावांचून जें उत्तर ठरवून टाकलें, त्याची किंमत धाराशिव-सोलापुराकडील पारध्यांची वस्ती अद्यापि मोजीत आहे. चोरी झाली कीं पहिला संशय आजही तिच्याकडेच वळतो. ती संवय सुटेपर्यंत हें प्रकरण संपलें असें म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.