सुवर्णासन आणि राजाचे विधिनिषेध

राजा म्हटला कीं त्याच्या आज्ञेचें चित्र प्रथम डोळ्यांपुढें उभें राहतें. राजालाही कोणी आज्ञा करूं शकतो, ही कल्पना सहसा सुचत नाहीं. परंतु पश्चिम आफ्रिकेंतील अशांती लोकांचा इतिहास पाहिला, तर राजाला जखडणारे विधिनिषेध हाच तेथील राज्यव्यवस्थेचा पाया होता, असें आढळतें. हें राज्य सतराव्या शतकाच्या अखेरीस, आजच्या घाना देशांतील कुमासी नगराभोंवतीं ओसेई टूटू यानें उभारलें.

मराठींत 'गादी' या एका शब्दानें राज्याधिकाराचा बोध होतो. अशांती लोकांत तेंच स्थान बसावयाच्या आसनाला आहे. आसनाधिष्ठित पुरुषाचें शरीर पवित्र मानीत. त्यानें अनवाणी चालूं नये. त्याचा उघडा पाय भूमीला लागला, तर समाजावर अरिष्ट कोसळेल. त्यानें कोणावर हात उगारूं नये. भर सभेंत त्यानें स्वतः न बोलतां 'ओक्येअमे' नांवाच्या प्रवक्त्याच्या मुखानें बोलावें. अभिषेकसमयीं सल्ल्यावांचून कारभार न करण्याची ताकीद त्याला सर्वांसमक्ष मिळे, आणि ती त्याला मान्य करावी लागे.

या नियमांना भाबडी समजूत म्हणून हंसणें सोपें आहे. पण राजाला दूर करण्याचा मार्गही त्यांतच होता. पदच्युत करावयाच्या राजाच्या वहाणा काढून घेत आणि त्याला भुईवर बसवीत. भूमीचा स्पर्श झाला कीं पावित्र्य सरलें, आणि पावित्र्यासवें सत्ताही सरली. जेथें लेखी सनद नव्हती, तेथें सनदेचें काम या निषेधांनीं केलें.

हीं बंधनें पोकळ नव्हतीं. इ. स. १८७४ च्या फेब्रुवारींत इंग्रजांनीं कुमासी जाळली आणि ५०,००० औंस सोन्याची खंडणी लादली. त्यानंतर बांतामा येथील पूर्वजांच्या समाधिगृहांतील सोनें काढल्याचा आरोप राजा कोफी करिकारी याच्यावर आला. राजमाता अफुआ कोबी ही त्याची सख्खी आई. तरी तें नातें त्याला तारूं शकलें नाहीं. त्याच वर्षीं आसन त्याच्या भावाकडे गेलें.

सर्वांत कडक निषेध सुवर्णासनाचा. त्यांत सर्व प्रजेचा आत्मा वसतो अशी श्रद्धा. तें भूमीला टेकवीत नाहींत आणि खुद्द राजाही त्यावर बसत नाहीं. २८ मार्च १९०० रोजीं इंग्रज गव्हर्नर हॉजसन यानें कुमासींत भरसभेंत तेंच आसन आपणांस बसावयास मागितलें. सभा शांतपणें उठली, आणि एजिसूची राजमाता या असांतेवा हिच्या नेतृत्वाखालीं युद्ध पेटलें. अशांती हरले, या असांतेवा सेशेल्स बेटांवर हद्दपारींतच १९२१ सालीं वारली. सुवर्णासन मात्र इंग्रजांच्या हातीं लागलें नाहीं.

१९३५ सालीं अशांती राजपद पुन्हां प्रस्थापित झालें, आणि घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेनेंही पारंपरिक प्रमुखांची संस्था मान्य केली. हॉजसनला आसन म्हणजे सत्तेची खूण वाटली. अशांतींच्या दृष्टीनें ती सत्तेची मर्यादा होती. ज्या आसनावर राजालाही बसतां येत नाहीं, तें राजाचें नसून प्रजेचें असतें.