सायकलचे कुलूप
सायकलचे कुलूप हे सायकल चोरीस जाऊ नये म्हणून वापरले जाणारे साधन होय. सातारा, सांगली येथे शाळा-महाविद्यालयांच्या आवारातील सायकलींना बहुधा मागील चाकावर बसविलेले गोल कुलूप असते. त्याने चाक फिरत नाही. मात्र सायकल उचलून टेम्पोत टाकणाऱ्यास ते अडवीत नाही. त्यासाठी फ्रेम खांबाशी जखडणारे दुसरे कुलूप लागते. वेष्टनामुळे जाड दिसणारी तारेची केबल कटरने सहज तुटते. कठीण केलेल्या पोलादाची साखळी वा यू-आकाराचे कुलूप पुष्कळ अधिक टिकते. केवळ पुढील चाक बांधल्यास ते मागे सोडून उरलेली सायकल नेता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली तक्रार नोंदविताना फ्रेमवर, बहुधा पेडलच्या आसाखाली, कोरलेला क्रमांक लागतो. तो आधीच टिपलेला नसल्यास सापडलेली सायकलही आपली म्हणून दाखविणे कठीण जाते.